बांगडीतला मणी: क्लासिकल मेकॅनिक्सचा एक प्रश्न मुळापासून शेवटपर्यंत

टी.वाय.बी.एस्सी.ला क्लासिकल मेकॅनिक्सचा पेपर सुरू झाला की पहिला महिनाभर फळा भरून वाहतो. कन्स्ट्रेंटचे (हालचालीवरच्या बंधनांचे) प्रकार, जनरलाइज्ड कोऑर्डिनेट, डी-अलेंबर्टचं तत्त्व, मग दीड पानाचं डेरिव्हेशन आणि शेवटी चौकटीत लॅग्रांजचं समीकरण. मुलं ते पाठ करतात, पेपरात जसंच्या तसं उतरवतात आणि चांगले मार्कही मिळवतात. त्याच मुलांपुढे न पाहिलेला प्रश्न ठेवा, पेन जागचं हलत नाही. यात मुलांच्या हुशारीत काही कमी नसतं. समीकरण कुठून आलं ते सांगून झालेलं असतं, पण ते हातात घेऊन करायचं काय, हे सांगायला वेळ उरलेला नसतो.

माझं म्हणणं असं, की सैद्धांतिक भौतिकशास्त्राची सुरुवात करताना दहा प्रकरणं वाचण्यापेक्षा एक प्रश्न पार पिळून काढावा. उत्तर आलं म्हणजे प्रश्न संपला असं नाही. उत्तराची उलटतपासणी व्हायला हवी, आणि थोडं बदलल्यावर ते कुठे मोडतं हेही पाहायला हवं. म्हणून इथे लंबकापासून निघून एकाच प्रश्नापर्यंत जाऊ: फिरत्या बांगडीत ओवलेला मणी.

लेखात वस्तुमानाला व, लांबीला ल, त्रिज्येला त्र आणि गुरुत्व त्वरणाला ग लिहिलं आहे. कोनाला थीटा, त्याच्या बदलाच्या दराला थीटा-डॉट, आणि त्या दराच्याही दराला थीटा-डबलडॉट. वहीत तुमची नेहमीची अक्षरं वापरा. वही मात्र घ्याच. हा लेख नुसता वाचून उपयोग नाही.

गणित किती लागतं

वाटतं त्यापेक्षा कमी. आंशिक विकलन, चेन रूल, टेलर विस्ताराच्या पहिल्या दोन-तीन संज्ञा, आणि साध्या दोलनाचं विकलक समीकरण सोडवता येणं. यांतला चेन रूल सर्वांत जास्त दगा देतो. थीटा काळाबरोबर बदलत असताना साइन थीटाचं काळाच्या सापेक्ष विकलन कोसाइन थीटा गुणिले थीटा-डॉट येतं, नुसतं कोसाइन थीटा नाही. हे हाताला वळण लागेपर्यंत गिरवा. टेन्सर, व्हेरिएशनल कॅल्क्युलस, ग्रुप थिअरी नंतर येतील. ते आधी उरकून मग भौतिकशास्त्राकडे वळू असं ठरवणारे बहुतेक जण गणितातच अडकून पडतात.

पहिली पायरी: लंबक टांगा

खरोखर टांगा. एक मीटर सुतळी, टोकाला कुलूप, वर दाराच्या चौकटीतला खिळा. लांबी खिळ्यापासून कुलपाच्या मध्यापर्यंत मोजा. थोडंसं झुलवून दहा आंदोलनांचा वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचवर घ्या. २० सेकंदांच्या आसपास येईल. आता ६० अंशांपर्यंत ओढून सोडा आणि पुन्हा दहा मोजा. या वेळी सुमारे दीड सेकंद जास्त लागायला हवा. हवेच्या विरोधामुळे झोका लहान होत जातो, म्हणून प्रत्यक्षात फरक त्याहून कमी दिसेल. पण फरक दिसतो.

बारावीला आपण शिकलो होतो की लंबकाचा आवर्तकाल झोक्याच्या आकारावर अवलंबून नसतो. तुमचं कुलूप मात्र तसं म्हणत नाही. हा दीड सेकंद कुठून आला, ही सैद्धांतिक भौतिकशास्त्रातली अगदी खरी शंका आहे.

आधी न्यूटनच्या वाटेने जाऊ. कुलपावर दोन बलं: खाली वजन आणि दोरीच्या दिशेने ताण. दोरीला लंब दिशेत ताणाचा घटक शून्य, त्यामुळे उरतं:

ल × थीटा-डबलडॉट = −ग × साइन थीटा

कोन लहान असेल तर साइन थीटाच्या जागी थीटा चालतो आणि आवर्तकाल २ × पाय (π) × √(ल/ग) मिळतो. एक मीटरला २.०१ सेकंद. मोठ्या कोनाला साइन थीटा हा थीटापेक्षा कमी भरतो, परत खेचणारं बल सरळ प्रमाणात वाढत नाही, म्हणून झोका रेंगाळतो. ६० अंशांना हा फरक ७.३ टक्के येतो. दहा आंदोलनांत दीड सेकंद म्हणजे हाच.

यात ताणाला आपण टाळलं हे लक्षात घ्या. दिशा अशी निवडली की तो समीकरणात आलाच नाही. लंबकाला ही युक्ती सहज जमली. बंधनं वाढली की जमत नाही, आणि लॅग्रांजची पद्धत तिथेच कामाला येते.

दुसरी पायरी: बलं सोडा, ऊर्जा धरा

जोसेफ-लुई लॅग्रांज १७३६ साली तुरीन इथे जन्मला. एकोणीस वर्षांचा असताना, १७५५ मध्ये, त्याने गणितज्ञ ऑयलरला पत्र लिहून आपली नवी पद्धत कळवली. त्याचा यामिकीवरचा (मेकॅनिक्सवरचा) मोठा ग्रंथ १७८८ मध्ये आला. न्यूटनच्या १६८७ च्या ग्रंथात पानोपानी भौमितिक आकृत्या आहेत. लॅग्रांजने प्रस्तावनेतच सांगून टाकलं की या पुस्तकात एकही आकृती सापडणार नाही. आपल्या आदित्य-एल१ यानाच्या नावातला एल याच लॅग्रांजचा. (तुम्ही मात्र आकृती काढा. आकृती न काढता सोडवणं हे शंभर प्रश्नांनंतरचं काम आहे.)

पद्धत अशी. गतिज ऊर्जेतून स्थितिज ऊर्जा वजा करा. जे येईल तो लॅग्रांजियन. मग:

१. लॅग्रांजियनचं थीटा-डॉटच्या सापेक्ष आंशिक विकलन करा.
२. आलेल्या उत्तराचं काळाच्या सापेक्ष पूर्ण विकलन करा.
३. त्यातून लॅग्रांजियनचं थीटाच्या सापेक्ष आंशिक विकलन वजा करा आणि सगळं शून्याबरोबर मांडा.

पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्यात थीटा आणि थीटा-डॉट एकमेकांशी संबंध नसलेले दोन चल समजायचे. दुसऱ्या टप्प्यात दोन्ही काळाबरोबर बदलतात हे आठवायचं. ही अदलाबदल सुरुवातीला फसवणुकीसारखी वाटते. तसं वाटत असेल तर तुम्ही नीट विचार करताय. लॅग्रांजियन म्हणजे आधी नुसतं एक सूत्र आहे: कुठलीही जागा आणि कुठलाही वेग त्यात घालता येतो. प्रत्यक्ष मार्ग निवडल्यावरच जागा आणि वेग एकमेकांना बांधले जातात.

वजाबाकीच का? ऊर्जा म्हटली की बेरीज करायची सवय असते, म्हणून हे वजा चिन्ह सगळ्यांनाच खुपतं. सरळ वर फेकलेल्या चेंडूवर लावून बघा. गतिज ऊर्जा ½ × व × वेग², स्थितिज ऊर्जा व × ग × उंची. वजाबाकी घेऊन वरचे तीन टप्पे केले की व × त्वरण = −व × ग येतं. बेरीज घेतली तर तेच +व × ग होतं आणि चेंडू आभाळात निघून जातो. खोल कारण हॅमिल्टनच्या तत्त्वात आहे. डब्लिनच्या हॅमिल्टनने १८३४-३५ मध्ये ते मांडलं: दोन ठरलेल्या क्षणांमध्ये वस्तू असा मार्ग घेते की लॅग्रांजियनचं काळावरचं संकलन, म्हणजे ॲक्शन, मार्ग किंचित हलवल्यावर पहिल्या क्रमात बदलत नाही. अनेक नोट्समध्ये ‘ॲक्शन कमीत कमी असते’ असं लिहिलेलं असतं. ते नेहमी खरं नसतं. ‘स्थिर असते’ असं लिहा.

लंबकाला ही पद्धत लावून न्यूटनचंच समीकरण येतं का, ते आत्ताच वहीत करा. चार ओळींचं काम आहे. ते जमल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तिसरी पायरी: बांगडी

काचेची बांगडी उभी धरली आहे. तिच्यात एक मणी ओवलाय, तो बांगडीवर घर्षणाशिवाय सरकू शकतो. बांगडी आपल्या उभ्या व्यासाभोवती ओमेगा या ठरलेल्या गतीने फिरते. ती फिरवायला वर छोटी मोटर आहे, आणि मणी कुठेही असला तरी ती गती बदलू देत नाही. मणी कुठे राहील?

न्यूटनच्या वाटेने गेलात तर बांगडीने मण्यावर लावलेलं बल दोन दिशांना वाटलं जातं, एक केंद्राकडे आणि एक बांगडीच्या प्रतलाबाहेर. दोन्ही अज्ञात. आपल्याला तर मणी हवा आहे, ती बलं नकोत.

कोऑर्डिनेट किती? मण्याला सरकायला एकच वाट आहे, बांगडीची. म्हणून एकच कोन पुरे: तळापासून मोजलेला थीटा. बांगडी किती फिरली हा कोन मोटरने आधीच ठरवलाय, तो अज्ञात नाही. प्रश्नातली खरी हुशारी या वाक्यात आहे, पुढचं सगळं हातकाम.

आता मण्याचा वेग. बांगडीच्या कडेने त्र × थीटा-डॉट. आणि बांगडी फिरत असल्यामुळे आडवा वेग: अक्षापासूनचं अंतर गुणिले ओमेगा. अक्षापासूनचं अंतर त्र नाही, त्र × साइन थीटा आहे. तपासलेल्या वह्यांमध्ये इतर कुठल्याही चुकीपेक्षा मला ही चूक जास्त वेळा सापडली आहे. विद्यार्थी ओमेगा × त्र लिहून मोकळे होतात, मग ती संज्ञा स्थिरांक ठरते, विकलनात गळून जाते आणि उत्तर नुसत्या लंबकाचं येतं. म्हणजे बांगडी फिरो न फिरो, मण्याला फरकच पडत नाही. एका मुलीच्या वहीत अशा उत्तराशेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘मग फिरवली कशाला?’ चूक तिला सापडली नव्हती, पण प्रश्न अचूक विचारलेला होता. मी त्या पानाला पूर्ण गुण दिले.

दोन्ही वेग काटकोनात आहेत, म्हणून वर्गांची सरळ बेरीज. उंची केंद्रापासून मोजली तर −त्र × कोसाइन थीटा. तेव्हा लॅग्रांजियन:

½ × व × त्र² × थीटा-डॉट² + ½ × व × त्र² × ओमेगा² × साइन² थीटा + व × ग × त्र × कोसाइन थीटा

तीन टप्पे करा, व × त्र² ने भागा:

थीटा-डबलडॉट = साइन थीटा × (ओमेगा² × कोसाइन थीटा − ग/त्र)

बहुतेक जण इथे खाली दुहेरी रेघ मारतात. खरं काम इथून पुढे आहे.

चौथी पायरी: उत्तराची उलटतपासणी

आधी एकक. ओमेगा² म्हणजे एक भागिले सेकंदाचा वर्ग, ग/त्र सुद्धा तेच. कंसात एकाच जातीच्या गोष्टी आहेत, ठीक. वस्तुमान गळालं, म्हणजे काचेचा मणी आणि सोन्याचा मणी सारखेच वागतील. गुरुत्वाच्या प्रश्नात हे अपेक्षितच.

मग टोकाच्या किमती. ओमेगा शून्य करा: लंबक मिळतो, फक्त दोरीच्या जागी त्रिज्या. ग शून्य करा, म्हणजे बांगडी अंतराळात नेली: कोसाइन थीटा शून्य असेल तिथे, म्हणजे अक्षापासून सगळ्यात लांब, मणी थांबू शकतो. गोफणीचा अनुभव हेच सांगतो.

आता मणी स्थिर कुठे राहील ते पाहू. उजवी बाजू शून्य हवी. एक तर साइन थीटा शून्य, म्हणजे तळ किंवा माथा. नाहीतर कोसाइन थीटा = ग / (त्र × ओमेगा²). कोसाइन एकापेक्षा मोठा होत नाही, म्हणून ही दुसरी जागा ओमेगा² हे ग/त्र पेक्षा जास्त झाल्यावरच अस्तित्वात येते.

त्रिज्या ३ सेंटिमीटर धरा, नेहमीच्या हातातल्या बांगडीएवढी. ग/त्र येतं ३२७, त्याचं वर्गमूळ सुमारे १८ रेडियन दर सेकंद, म्हणजे सेकंदाला २.९ फेरे. त्याहून हळू फिरवा, मणी तळाशीच. तिथे त्याला धक्का दिला तर तो ग/त्र − ओमेगा² याच्या वर्गमुळाएवढ्या कोनीय वारंवारतेने डोलतो. वेग वाढवत नेला की हा आकडा शून्याकडे जातो आणि डोलणं मंद, आणखी मंद होत जातं. २.९ फेऱ्यांच्या पुढे गेलात की तळ अस्थिर होतो, अगदी किंचित हललेला मणी आपोआप चढू लागतो. वेग दुप्पट केलात, ५.८ फेरे, तर कोसाइन थीटा पाव होतो आणि मणी जवळजवळ ७५.५ अंशांवर जाऊन बसू शकतो. डावीकडे की उजवीकडे? समीकरणाला दोन्ही बाजू सारख्याच आहेत, निवड त्या किंचित धक्क्याची. सममिती असलेल्या समीकरणातून असममित उत्तर निघतं. पुढे चुंबकत्वात आणि कणभौतिकीत सिमेट्री ब्रेकिंग भेटेल तेव्हा ही बांगडी आठवा.

वरच्या जागी मणी टिकतो का, हे तुम्ही करा. थीटाच्या जागी ठरलेला कोन अधिक छोटा बदल लिहायचा आणि पहिल्या क्रमापर्यंत विस्तार करायचा. डोलण्याची कोनीय वारंवारता ओमेगा × साइन थीटा आली पाहिजे.

पाचवी पायरी: ऊर्जा टिकते का?

गतिज अधिक स्थितिज ऊर्जा कायम राहते असं इथे लिहाल तर फसाल. मणी वर चढतो तेव्हा त्याचा अक्षाभोवतीचा कोनीय संवेग वाढतो, आणि बांगडीची गती कायम ठेवायला मोटरला जोर लावावा लागतो. ती मण्यावर कार्य करते. तरीही एक राशी कायम राहते, कारण लॅग्रांजियनमध्ये काळ उघडपणे येत नाही:

½ × व × त्र² × थीटा-डॉट² − ½ × व × त्र² × ओमेगा² × साइन² थीटा − व × ग × त्र × कोसाइन थीटा

मधल्या संज्ञेचं चिन्ह पाहा. ही एकूण ऊर्जा नाही, पण काळाच्या सममितीतून मिळालेली टिकणारी राशी नक्की आहे. सममिती आणि टिकणाऱ्या राशी यांचं नातं गणितज्ञ एमी नोएथरने १९१८ मध्ये सर्वसाधारणपणे सिद्ध केलं.

हिचा व्यवहारातला उपयोगही आहे. पायथनमध्ये वीस ओळींत मण्याची गती आकड्यांनी सोडवता येते. प्रत्येक पावलाला ही राशी छापून घ्या. ती हळूहळू सरकत असेल तर कालपावलं मोठी आहेत, किंवा ऑयलरची साधी पद्धत इथे पुरेशी नाही.

सहावी पायरी: मोटर काढून टाका

आता बांगडी अगदी हलकी, वजन नसल्यासारखी, आणि मोकळी फिरणारी. ती किती फिरली हा कोन, फाय, आता खरोखर अज्ञात झाला. लॅग्रांजियनमध्ये ओमेगाच्या जागी फाय-डॉट येतो, पण फाय स्वतः कुठेच येत नाही. म्हणून त्याच्या जोडीचा संवेग, म्हणजे लॅग्रांजियनचं फाय-डॉटच्या सापेक्ष आंशिक विकलन, कायम:

कोनीय संवेग = व × त्र² × साइन² थीटा × फाय-डॉट

चाणाक्ष विद्यार्थी इथे एक शॉर्टकट मारतो. फाय-डॉटची ही किंमत सरळ लॅग्रांजियनमध्ये घालतो आणि मग थीटाचं समीकरण काढतो. ते चुकतं. संज्ञेचं चिन्ह उलटं येतं. खऱ्या उत्तरात कोनीय संवेग मण्याला अक्षापासून दूर ठेवतो, इतका की संवेग शून्य नसेल तर मणी तळाला कधीच पोचत नाही. शॉर्टकटच्या उत्तरात मणी उलट अक्षाकडे खेचला जातो. कारण असं, की थीटाच्या सापेक्ष आंशिक विकलन करताना फाय-डॉट स्थिर धरायचा असतो, आणि तुम्ही त्याच्या जागी थीटावर अवलंबून असलेली राशी आधीच घालून बसलात. नियम लक्षात ठेवा: आधी समीकरणं काढा, किंमत नंतर घाला. आयआयटी जॅम किंवा नेट या परीक्षांची तयारी करताना घाईत इथेच पाय घसरतो.

पुढचा रस्ता

ही बांगडी पचली की हॅमिल्टनची मांडणी घ्या. पाचव्या पायरीत आलेली टिकणारी राशी थीटाच्या जोडीच्या संवेगाच्या भाषेत लिहिली की तोच मोटरवाल्या बांगडीचा हॅमिल्टोनियन. मग फेज स्पेसमध्ये, म्हणजे एका अक्षावर कोन आणि दुसऱ्यावर संवेग घेऊन, बांगडीचं चित्र काढा, २.९ फेऱ्यांच्या अलीकडचं आणि पलीकडचं. त्यानंतर जोडलेली दोलनं, मग तार, मग क्षेत्रं. मॅक्सवेलची समीकरणं त्या रांगेत आली की ओळखीची वाटतात. थर्मोडायनॅमिक्स समांतर चालू द्या, त्याची विचारसरणी वेगळी आहे आणि घाईने ती येत नाही.

एक प्रश्न मात्र लगेच घ्या. फुकोने १८५१ मध्ये पॅरिसच्या पँथिऑनमध्ये ६७ मीटर लांबीचा लंबक टांगला आणि पृथ्वीचं फिरणं लोकांच्या डोळ्यांपुढे आणलं. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतही असा लंबक आहे. लंबकाच्या लॅग्रांजियनमध्ये वेग लिहिताना पृथ्वीच्या फिरण्यातून येणारा वेग मिळवा, जसा आपण बांगडीचा मिळवला, आणि पृथ्वीच्या कोनीय गतीच्या वर्गाची संज्ञा सोडून द्या. झुलण्याचं प्रतल अक्षांशाच्या साइनच्या प्रमाणात फिरतं असं दिसेल. एका पूर्ण फेरीला लागणारा वेळ म्हणजे २३.९३ तास (ताऱ्यांच्या सापेक्ष पृथ्वीच्या एका फेरीचा वेळ) भागिले अक्षांशाचा साइन. ध्रुवावर एक दिवस, विषुववृत्तावर अनंत काळ, म्हणजे टोकाच्या किमती पटतात. नागपूरला सुमारे ६६ तास, पुण्याला ७५, कोल्हापूरला ८३, पणजीला ९०. तुमच्या गावाचा आकडा काढा.